मेंदीची पानं

— न्हाई न्हाई, तिथं नका टेकू, पाव्हनं, त्या पिपाला ओला प्रायमर हाय, पँटीचं वाटोळं होईल. हितं बसा, ह्या स्टुलावर. बिडी मात्र खिशातच ऱ्हाऊ द्या — चहूकडं थिनर हाय, एक ठिणगी पडली की नबी पेंटरचं दुकानबी गेलं आन् नबीबी गेला. तर काय म्हनत व्हतो — हां, दस्ता. बंदुकीचा दस्ता सकाळीच घासून ठिवलाय, नळीला टेप मारलाय, घोड्याला कागद गुंडाळलाय. जर्किन, टोपी, पिशवी, समद्यांवर मातकट रंगाचा पयला हात झालाय. आता फकस्त पानं टाकायची ऱ्हायली. आनली ना? फोनवर सांगितलं तसं, जिथं बसायचं तिथलीच? शाब्बास. न्हाईतर लोक मोबाईलवरचं चित्र आनत्यात — हे असं मिलट्री डिझाईन मारा म्हनत्यात. अवं, ती झाडं परदेशातली, तेलगावच्या उसात ती कशी खपायची? मी चित्र बघतच न्हाई. माझा कायदा एकच — उसात बसनार आसला तर पाचट आन, डोंगरात बसनार आसला तर धारूरच्या घाटातलं गवत आन, बाभळीची डहाळी आन. ते पान मालावर ठिवायचं, वरून फवारा मारायचा, पान उचलायचं — खाली पानाएवढी जागा कोरी ऱ्हाती. मग दुसरं पान, दुसरा रंग. शेवटी वरून मॅट, म्हंजी उन्हात चमकत न्हाई. मानूस तिथं जाऊन बसला की तिथलाच झाला. सख्खी बायको शेजारून गेली तरी वळखायची न्हाई.

एक गंमत सांगू? तुमी रानडुकराच्या शिकारीला म्हनून रंगवून घेताय, पर डुकराला हे काय कळत न्हाई. खरंच. डुक्कर चालतंय नाकावर. वारं त्याच्याकडून तुमच्याकडं आसलं की तुमी लाल फेटा बांधून बसा, ते बिनधास्त समोर येतंय. आन् वारं फिरलं की कितीबी पानं चिटकवा, गेलंच ते. हा रंग आसतोय मानसाच्या डोळ्यासाठी. पर गिऱ्हाईकाची हौस, फोटो काढायचे आसत्यात, आपन कावून मोडता घालायचा? हसला न्हाई तुमी. बरं. तुमी कमीच बोलता, मगाधरनं बघतोय. हिकडले न्हाई ना? दोन शब्द बोलला तेवढ्यावरनं कळलं. ऱ्हाऊ द्या, नका सांगू. मला बोलायला समोर मानूस लागतंय फकस्त, त्यानं बोलावंच आसं काय न्हाई. घरवाली व्हती तवर ती म्हनायची, तुमाला खुदानं दोन तोंडं द्यायला पायजे व्हती, एक रंगवायला आन् एक बोलायला.

पोराला माझं हे बंदुकीचं काम आवडत न्हाई. वासिफ. मेकॅनिक हाय, फाट्यावर ग्यारेज हाय त्याचं. एकुलता एक — आजवर त्याला अरे-बे केलं न्हाई मी, "बेटा"च म्हनलो. त्यो म्हनतोय, अब्बा, ट्रॉल्या रंगवा, फाटकं रंगवा, पर बंदुकीला हात लावू नका, ती कुनावर चालंल आपल्याला काय म्हाईत. भित्रा न्हाई बरं का. भित्रा आसता तर बरं झालं आसतं! ऐकलं आसंल तुमी — आप्पारावचं? न्हाई ऐकलं? अवं, जिनिंगसमोर मारला की त्याला, भर बाजाराच्या दिवशी, पाईपांनी. गावकीच्या राजकारनात आडवा आला म्हनून. समद्यांनी शटरं वढली. समद्यांनी! मीबी. वासिफचं ग्यारेज समोरच, तेवढं एक उघडं ऱ्हायलं. आन् ह्यो शहाना काय करतोय — पोलिसांपुढं जाऊन नावं घेतोय. चार पोरं, आन् गाडीत बसून बघनारा मोठ्या घरचा एक. मी पाया पडलो त्याच्या, खरंच सांगतो, बाप आसून पाया पडलो — बेटा, तू काय बघितलं न्हाई. तर म्हनला, अब्बा, आप्पाराव माझ्याकडं बघत व्हता. बस. येवढंच म्हनला. आता परवा कोर्टात साक्ष हाय त्याची. त्याची धास्ती हाय, म्हनून मी बडबड करतोय जादा, मनावर घेऊ नका.

घरीच ऱ्हातोय का म्हनता? न्हाई, रातचं न्हाई थांबत घरी. आज हितं, उद्या तिथं, ग्यारेजबी बंद ठिवलंय. पर पोरगं तान्हं हाय ना त्याचं, त्याचं तोंड बघितल्याबिगर दिस उगवत न्हाई ह्याचा. फजरची नमाज झाली की जातोय, अंधार आसतोय तवर, अन् पुढून न्हाई — पुढून कोनबी बघंल — मागून. मागं छोटं फाटक हाय, मेंदीच्या कुंपनात. गेल्या म्हैन्यात मीच निळं रंगवलं ते. आन् वारं आसं सुटलं त्या दिवशी की निम्मा फवारा मेंदीवर! सून म्हनली, अब्बा, आता हात निळे रंगायचे का माझे? जिनत. लई गुनाची हाय. दुपारचा माझा डबा तीच करती, वासिफ आनून देतोय. कुनाच्या हाती द्यायचा न्हाई म्हनतोय, तेवढंच बापाचं तोंड दिसतंय. आत्ता येईल बघा. तुमीबी घास खा, चांगला मोठा डबा हाय, जिनतच्या मायबापानं लग्नात दिलेला, जावयाचं नाव कोरून. पोराचा फोटो दावतो तुमाला, थांबा, हात रंगलेत. आधी पानं टाकू. द्या ती पिशवी. वता हितं कागदावर, सगळीच वता —

हे काय?

मेंदी हाय ही. पाव्हनं, मेंदीत कुठलं आलं डुक्कर? मेंदी तर मानूस घराच्या — न्हाई, आसंल बुवा, आसंल कुठं तरी. पानं ताजी हायेत. सकाळीच तोडली का? हां. आन् हे ठिपके... मावा पडलाय जनू. न्हाई, मावा न्हाई. नखानं निघंना. निळे हायेत.

निळे हायेत.

काय? न्हाई, काय झालं न्हाई. थिनर चढतोय डोक्यात कधी कधी. जरा बसतो. तुमी... तुमी जिथं बसायचं तिथलीच आनली म्हनला ना. इमानदारीत आनली तुमी. मीच सांगितलं व्हतं. मीच.

ऐका ना, पाव्हनं, मगाशी मी जे काय बोललो — ते काय खरं धरू नका. काम करताना मानूस थापा मारतोय, हात चालावा म्हनून. वासिफ हितं न्हाईच. पुन्याला हाय त्यो, कवाचाच गेलाय. फजरला कोन जातंय, कोन येतंय — कोन न्हाई. ते फाटक बंद हाय, गंजलंय, वर्सात उघडलं न्हाई कुनी... रंगवलं, हो, रंगवलं मी, बाहेरून रंगवलं. आन् साक्ष? साक्ष देत न्हाई त्यो. मी सांगतो ना. बाप हाय मी त्याचा, आज रातीच सांगतो, पाय धरतो परत, ह्या बारीला ऐकंल. तुमाला जर कुनाला सांगायचं आसंल — आसंल तर म्हनतो — तर सांगा, नबी पेंटर म्हनला, पोरगा तोंड उघडनार न्हाई. त्याला गाव सोडायला लावतो. सगळेच जातो आमी, सुनेला, नातवाला घेऊन. तान्हं हाय वं ते. तुमाला हायेत का पोरंबाळं?

फोटो? फोटो कावून? हां, मगाशी मीच म्हनलो. न्हाई, फोन बंद पडलाय. चार्जिंग न्हाई. त्यो चार्जरला लावलाय त्यो... त्यो माझा न्हाई, गिऱ्हाईकाचा हाय. ऱ्हाऊ द्या, हात नका लावू त्याला. म्हंजी — तुमी वासिफला बघितलेलंच न्हाई. घर बघितलंय, तोंड न्हाई बघितलं. आस्सं. आस्सं व्हय. मग त्यो कसा दिसतोय ते मी कावून सांगू? आन् डबा आज येत न्हाई, आज मला रोजा हाय. बसून उपेग न्हाई. तुमी या परवा. न्हाई, परवा नको — पुढच्या आठवड्यात या, रंग वाळायला येळ लागतोय.

कसला आवाज? मला न्हाई आला. मोटारसायकल तर दिसभर जात्यात ह्या रस्त्यानं. थांबा, कंप्रेसर चालू करतो, तुमचं काम करूनच टाकतो आत्ताच — हां, आवाज व्हतोय जरा, टाकी भरंस्तवर व्हतोय — ए! ए, तिथंच थांब! गाडीवरनं उतरू नको! दुकान बंद हाय! काय? ऐकू येईना! कंप्रेसर चालू हाय, ऐकू येईना म्हनलं ना! ट्रॉली झाली न्हाई, सांग जा तुज्या मालकाला! — न्हाई पाव्हनं, तुमी नका उठू, फवारा उडंल अंगावर, ट्रॉलीवाल्याचा गडी हाय, रोज येऊन डोकं खातोय — जा की बे! पायरीवर येऊन तोंड काय बघतोस माझं? चल नीघ, हरामखोरा! परत हितं दिसलास तर तंगडं मोडीन! जा! जा म्हनतो ना, जा!

गेला.

बंद करतो कंप्रेसर. भरली टाकी. ... डोळ्यात रंग गेलाय वं, पुसतो जरा. कोन व्हता? सांगितलं की. ट्रॉलीवाल्याचा गडी. रडत कशाला जाईल त्यो? गड्याला शिव्या खायची सवय आसती. तुमी बघितलं त्याचं तोंड? उन्हात काय नीट दिसत न्हाई हितून.

दाराशी काय? पायरीवर? कुठं — काय न्हाई ते. ऱ्हाऊ द्या. मी उचलतो, तुमी कशाला वाकता. त्यो... विसरून गेला आसंल त्याचं जेवन, येईल न्यायला. झाकन नका बघू. द्या हिकडं. पाव्हनं, भांड्यावर काय, कुनाचंबी नाव आसतंय —