धक्क्याखालची आई

आपल्या बंदरगावाचे नगरप्रमुख आणि या सभेचे अध्यक्ष माननीय फ्रान ग्येका. श्कोदर शहरातून वाट वाकडी करून आलेले संग्रहालय खात्याचे पाहुणे. ज्यांच्या हॉटेलात आपण बसलो आहोत आणि ज्यांनी या समारंभाचा सारा भार उचलला, ते व्यासपीठावरचे कंत्राटदार गेन्त प्रेन्गा, म्हणजे माझे चिरंजीव. जिला संग्रहालयातून निरोप द्यायला आपण जमलो ती वितोरे. आणि माझ्या वर्गात कान पिळून घेतलेल्या बंधुभगिनींनो,

मला निरोप आला, "प्रेनाबाई, चार शब्द गोड बोला आणि स्मृतिचिन्ह द्या." स्मृतिचिन्ह ते तिथे, मखमलीखाली आहे. पितळी शिरस्त्राण, इलिरियन योद्ध्याचं. गोड शब्द कितपत जमतील, ते बघू.

वितोरे आपल्या संग्रहालयात आली तेव्हा तिथे छप्पर गळत होतं आणि मातीच्या भांड्यांत मांजरी व्यायल्या होत्या. सत्त्याण्णवच्या धामधुमीत सरकार कोसळलं आणि लोक लष्कराची शस्त्रांची कोठारं फोडत होते, आठवतं ना? तेव्हा ही बाई संग्रहालयाच्या दारात खुर्ची टाकून बसली. लुटायला आलेली पोरं समोर उभी राहिली, तर म्हणाली, "आत यायचं तर पाय पुसून या. फरशी आत्ताच पुसलीय." ती पोरं खरोखर पाय पुसू लागली, आणि पुसता पुसता ओशाळून परत गेली. हसताय? हसा. त्यातली काहीजणं या सभेत आहेत, आता पोटं सुटलीत म्हणून ओळखू येत नाहीत.

रोमनांच्याही आधी हा किनारा ज्यांचा होता, त्या इलिरियन लोकांचे आपण वारस, हे मी तुमच्याकडून घोकून घेतलं. सरकारने धर्मावर बंदी घातली होती, संतांची नावं ठेवायची सोय नव्हती, त्या काळात आपण पोरांना त्यांच्या राजांची नावं दिली. माझा गेन्त त्यातलाच. आज इथे त्यांच्या राणीच्या नावाने "तेउता" म्हणून हाक मारली तर निम्म्या बायका वळून बघतील. एवढा अभिमान! मग सांगा, गेल्या वसंतात आपल्याला काय झालं होतं?

धक्क्याला लागून आमची जमीन. गेन्तने तिथे या हॉटेलच्या पुढच्या दाराचा ओटा बांधायला घेतला आणि यंत्राच्या दातांना दगडी कबर लागली. वितोरे धावत आली. आत एक बाई होती, कुशीवर निजलेली, गळ्याशी अंबराचे मणी, खांद्यावर चष्म्याच्या आकाराची काशाची पिन, आणि तिच्या दंडावर डोकं ठेवलेलं लहान मूल.

गावाला किती आनंद! संध्याकाळपर्यंत फलक लागले, "आमची राणी सापडली." बेकरीत राणीच्या नावाचे केक. अध्यक्षमहाराज, आपण भाषणही केलंत, फार सुंदर केलंत.

मग शाळेच्या सभागृहात वितोरेला बोलायला उभं केलं. ती म्हणाली, "ही राणी नव्हे. हिचे खांदे ओझी वाहून झिजलेत. उशाची सुरई समुद्रापलीकडून आलेली आहे. ही कुणाची तरी आई होती, एवढं मी सांगू शकते. आपल्या अंगात तिचं रक्त किती, ते हाडांना विचारून मला कळणार नाही. मला उन्हाळा संपेपर्यंत वेळ द्या."

सभागृहात केवढा गलका! "हिला बाहेरून कोण पढवतंय?" "आपलं ते धुळीला मिळवायला निघाली!" आणि माझा मुलगा, हा बसलाय तो, उठून म्हणाला, "राणी असती तर थांबलो असतो, मावशी. हमालणीसाठी माझा हंगाम कशाला बुडवू?"

लोक हसले. टाळ्या वाजल्या.

मी त्या दिवसांत डोंगरात, आजारी बहिणीपाशी होते. पुढचं मला गावाने सांगितलं, आणि गावाने ते चवीने सांगितलं. सकाळी काँक्रीटच्या गाड्या आल्या. वितोरेने रात्रीपासून खपून मुलाची हाडं काढली होती. आईपर्यंत हात पोचायचे होते. ती खड्ड्यात उतरली आणि त्या बाईशेजारी बसून राहिली.

गेन्त काठावरून म्हणाला, "मावशी, वर या. कपडे खराब होतील."

ती म्हणाली, "तुझ्या बारशाला मी आले होते रे. हिला तरी नीट उचलू दे."

दोन गड्यांनी तिला बखोटीला धरून वर काढलं. एक बूट खाली राहिला. सज्जांतून लोक कॉफी पीत बघत होते, आणि कुणीतरी ओरडलं, "राणीसाहेब, बूट विसरलात!" त्या हसण्यातच गाड्यांची तोंडं मोकळी झाली.

मी उतरून आले तेव्हा काँक्रीट ओलं होतं. मुलगा मला म्हणाला, "आई, सगळं कायद्यात बसवलंय." मी त्याच्या हातचं जेवले नाही. पण न जेवल्याने काय होतं? लाज पोटात राहायची ती राहिलीच.

मी वितोरेच्या घरी गेले. अब्रू गेलेल्या माणसाला आमच्या आजोबांच्या घरी कॉफी हातात देत नसत, गुडघ्याखालून सरकवत. मी उंबऱ्यावरच म्हटलं, "मला तशीच दे. मी त्याची आई आहे."

तिने पेला दोन्ही हातांनी माझ्या हातात ठेवला. "बसा, प्रेनाताई. निवेल." एवढंच. तिने मला शिवी दिली असती तर मी सुखाने घरी गेले असते. आतल्या खोलीत कापसावर ते मूल होतं. ती म्हणाली, "याला एकट्याला काचेच्या पेटीत ठेवायला माझा जीव होत नाही." आणि मग ती रडली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

फ्रानसाहेब, घड्याळ बघू नका, संपवतेच. हे शिरस्त्राण मी देणार नाही. ज्या बाईने हयातभर खरं ते सांगितलं, तिला आपण पितळेचं खोटं देऊन वाटेला लावायचं? जमीन माझ्या यजमानांच्या पश्चात माझ्या नावावर आहे. ओटा फोडायला मी संमती दिली आहे. श्कोदरचे पाहुणे केवळ भाषणं ऐकायला आलेले नाहीत. गेन्त, खाली बघू नकोस, हे मी तुला एकट्याला सांगायला हवं होतं, पण तू ते चारचौघांत केलंस. खाली काय उरलं असेल, वितोरेलाही सांगता येत नाही. चुरा असेल. पण त्या मुलाला कुठे निजवायचं, ती जागा तरी कळेल. त्यासाठी वितोरे अजून थोडी थांबणार आहे. तेव्हा हा निरोप समारंभ जरा लवकरच झाला, असं समजा.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. म्हातारपणी जीभ घसरते, मान्यवरांची नावं मागेपुढे झाली असतील, ती पोटात घाला. बाकी जिची क्षमा मागायची, ती या सभेत नाही. तिच्या अंगावरूनच आपण सगळे आत आलो. जाताना मागच्या दाराने जाऊ या.