तिच्या पावलाचे बूट माझ्या पायात

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान व्यवस्थापक साहेब, चाचणी विभागाच्या प्रमुख धावपटू बाई, कारखान्यातील बंधू-भगिनींनो, आणि पहिल्या रांगेत तोंडावर रुमाल धरून हसणाऱ्या माझ्या सूनबाई, आपणां सर्वांना माझा नमस्कार.

मी मॅट्रिक झालेली, घर सांभाळणारी बाई. भाषण लिहून आणलं आहे; पण आत्ताच अध्यक्षांनी जे जाहीर केलं, त्यानं निम्मं भाषण वाया गेलं. धावपटू बाईंची विनंती आहे म्हणे, की ह्यांनी निवृत्तीनंतरही सल्लागार म्हणून रोज येत राहावं. त्यावर आमचे हे भर सभेत काय म्हणाले? ‘घरी विचारून सांगतो.’ अहो, घर इथंच उभं आहे की!

उत्तर देईन. पण आधी थोडं ऐकून घ्या.

ह्यांनी इथं धावपटूंच्या बुटांचे तळ घडवले. तळाच्या आत, पावलाच्या कमानीखाली, फणीच्या दातांसारख्या फासळ्यांची एक पातळ पट्टी बसते. ती चवड्यापाशी वाकली पाहिजे, पण पिळवटता कामा नये. मऊ झाली तर पाय लटपटतो, कडक झाली तर पोटरी भरून येते. हे मला कुणी शिकवलं? ह्यांनीच, जेवणाच्या ताटावर. एकदा माझी फणी सापडेना. पाहते तर हे तिचे एकाआड एक दात कापून ती वाकवून बघताहेत.

‘अहो, माझी फणी!’

‘थांब गं. तिच्या पायाखाली अशी पट्टी चालेल का, ते बघतोय.’

‘माझी फणी? तिच्या पायाखाली?’

हसा, हसा. चांगली टिकाऊ फणी होती, मी अजून कितीतरी वर्षं वापरली असती.

तिचा पाय म्हणजे या धावपटू बाईंचा पाय. प्रत्येक नवा तळ आधी त्यांच्या पायात जायचा. त्या धावायच्या, आणि हे मागं चालत त्यांची टाच निरखायचे. त्यांच्या पावलाचा लाकडी साचा, ज्याला इथं फर्मा म्हणतात, आमच्या खिडकीत होता. माझ्या घरात, माझ्या खिडकीत, परक्या बाईचं पाऊल! धूळसुद्धा मीच पुसायची. हे घास हातात धरून सांगायचे, ‘आज ती म्हणाली, चवड्याखाली खडा टोचल्यासारखं होतं.’ आणि घास तसाच हातात राहायचा. मी म्हणायची, ‘माझाही गुडघा दुखतो.’ तर म्हणायचे, ‘तेल लाव.’

स्पर्धा असली की हुकूम व्हायचा, ‘देवाला तिच्यासाठी सांग.’ मी देवापुढं खोटं बोलत नाही. हात जोडून सांगायची, ‘बाबा, तिचा पाय सांभाळ. तो दुखावला, तर हे घरी यायचेच नाहीत.’

मग एकदा ह्यांना माझ्या गुडघ्याची दया आली. स्वतःच्या हातानं माझ्यासाठी बूट बनवून आणले. माप माझंच होतं, रंगही माझ्या आवडीचा. मला इतका आनंद झाला, की मी ते पुसून कपाटातच ठेवणार होते. ‘घाल, घाल,’ म्हणाले. घातले. आठवड्याभरात जिना उतरताना कठडा धरावा लागू लागला. पण नवऱ्यानं हौसेनं केलेल्या वस्तूला नाव कसं ठेवायचं? तशीच चालत राहिले.

त्या वर्षी कारखान्याच्या वार्षिक कार्यक्रमाला मी तेच बूट घालून आले. दारापासून खुर्चीपर्यंत चालले, तेवढ्यात या बाई ह्यांना म्हणाल्या, ‘सर, वहिनींचा पाय आत कलतो. तुम्ही त्यांना माझी पट्टी घातलीत का?’

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. झालं होतं असं, की धावताना या बाईंचा भार पावलाच्या बाहेरच्या कडेवर पडतो, म्हणून त्यांच्या पट्टीला बाहेरून उंची. माझा पाय आधीच आत झुकणारा. त्याला ती उंची आणखी आत ढकलत होती. बूट कुणाचेही असोत, ह्यांच्या डोक्यात पाऊल एकच होतं, त्यांचं!

त्या संध्याकाळी ह्यांनी जमिनीवर बसून माझा ओला पाय कागदावर उमटवून घेतला. त्याच बुटांत माझ्या पायाची नवी पट्टी बसवली. तेच बूट आज माझ्या पायात आहेत. गुडघा बरा आहे, देवाची कृपा. पण मंडळी, खरं सांगू? दुखणं बरं झालं त्या दिवशी मी सगळ्यांत जास्त जळले. माझ्या नवऱ्याला माझी चाल दाखवून द्यायला दुसरी बाई लागावी? तुम्ही सांगा, हे कुठल्या बायकोला रुचेल?

बाई, तुम्ही माझं भलंच केलंत. तुमच्याबद्दल वावगा शब्द काढायला जागाच नाही, हीच तर माझी अडचण आहे. तुम्ही वाईट असता, तर मला किती सोपं गेलं असतं!

तर आता उत्तर. हे येणार नाहीत.

अहो, माझ्याकडे असं बघू नका, विचारलंत म्हणून सांगतेय. सकाळी फिरायला मी पुढं चालणार, आणि तुम्ही मागून माझी टाच बघणार. दुखलं की मी सांगणार, आणि तुम्ही घास खाली ठेवणार.

आणि बाई, एखाद्या तळाचं अगदीच अडलं, तर घरी या. संकोच करू नका. चहा करीन, पाय पुढं करून बसा, ह्यांना हवं ते विचारा. मी त्याच खोलीत भाजी निवडत बसेन. तिथून हलणार मात्र नाही.

आपण सर्वांनी ह्यांना इतकी वर्षं माया दिलीत, त्याबद्दल हात जोडून आभार मानते. घरातली बाई घरातल्यासारखीच बोलली. कुणाला शब्द लागला असेल, तर पदरात घ्या. देव सगळ्यांची पावलं सुखरूप ठेवो.