जये, पट्टा आवळ

ते नवीन गाणं आहे ना, ज्यात ढोल मधेच थांबतो आणि एक बाई ओरडते, "जये, पट्टा आवळ"? ती जया मी.

हसू नका. आमच्या सायखेड्याच्या ढोलपथकाच्या सरावाला मुंबईहून एकजण आला होता. "आठवण म्हणून रेकॉर्ड करतो," म्हणाला. नेमका तेव्हाच माझ्या कमरेचा ढोल घसरला आणि पथकाची प्रमुख शोभाताई माझ्यावर ओरडली.

पुढं निफाडला एका लग्नात आम्ही दोघी जेवत होतो, तर डीजेनं हेच गाणं लावलं. पहिल्या ठोक्याला कळलं, ढोल आमचाच. मग तो थांबला, आणि ताईचा आवाज यायच्या आत अख्खा मांडव माझं नाव घेऊन ओरडला, नवरदेवासकट. माझा हात आपसूक कमरेला गेला.

शोभाताई तशीच उठून डीजेकडं गेली. "हे कोणी केलंय रे?"

"लय मोठे संगीतकार हायेत, मावशी. ढोल, बोल, सगळं त्यांच्याच डोक्यातलं."

ताईनं मला पुढं ओढलं. "असं? मग विचार त्यांना, ही जया त्यांची कोण लागते."