राहिलेला एक शब्द

दादाच्या मोबाइलवरचा अर्धा डाव आता कोणी पुरा करायचा? तो गेल्यावर मी घरात सगळ्यांना विचारलं. आई उठून आत गेली. 

दादा मोहर्लीच्या जंगलात गाइड होता. इंग्रजी सुधारावं म्हणून मोबाइलवर खेळायचा. दिलेल्या अक्षरांतून शब्द काढायचे. दवाखान्यातही तेच. "एकच राह्यला बे," म्हणाला आणि झोपला, तो उठलाच नाही.

मी पाचवीत शाळा सोडलेला, पाहुण्यांना जंगलात फिरवणारा जिप्सीवाला. ती सहा अक्षरं पाठ केली, पण पाहुण्यांना विचारायचा धीर होईना. परवा वाघीण रस्त्यावर आली, सगळे श्वास रोखून बसले, आणि माझ्या तोंडून निघालं, "साहेब, जी, ए, आर, डी, ई, एन. गार्डन झालं, डेंजर झालं. अजून काय होते?"

वाघीण बांबूत शिरली.

"हे आत्ता विचारायचं होतं?" साहेब म्हणाले.

नवा गाइड माझ्यावर खेकसला, "काऊन बोल्ला बे?"

"दादाचा डाव राह्यला आहे," मी म्हटलं.

मग मागच्या सीटवरच्या मावशींनी अक्षरं सांगितली, "जी, ए, एन, डी, ई, आर. गँडर. हंसासारखा पक्षी असतो."

आत मोबाइल नेता येत नाही, म्हणून बाहेर आल्यावर गेटवर जमा केलेला दादाचा मोबाइल घेतला, एकेक अक्षर दाबलं. पडद्यावर फुलं उडाली. संपलं, असं वाटलं, तोच नवी सात अक्षरं आली. दादा असता तर लगेच भिडला असता. मी थोडा वेळ पाहत राहिलो आणि मोबाइल बंद केला.