उलटी फिरणारी चावी

शिवणकाम करणारी एक बाई हरवलेल्या फोनची तक्रार द्यायला पोलीस ठाण्याच्या बाकावर ताटकळत बसली होती. शेजारी दोघे भाऊ. थोरल्याच्या डोक्याला पट्टी आणि मांडीवर वही. ऐकायचं नाही म्हटलं, तरी कान काही तिचं ऐकेनात.

"दादा, कबूल करून टाक. किती दिवस हे भिजत घोंगडं?"

"अरे, पण मला आठवतच नाही."

"तेच तर! मग केलं नाहीस, हे तरी कशावरून? तिजोरीची कुलपं उघडणारा इथे तू एकटाच."

"माझ्या हातून असं होईल?"

"झालं ना. चावी उलटी फिरवून तिजोरी उघडलीस, पळताना जिन्यावरून पडलास. साहेबांना एवढंच सांग, बाकीचं मी निस्तरतो."

"थांब. पडल्यापासून ऐकलेलं तासाभरात डोक्यातून पुसलं जातं, म्हणून साहेबांचा शब्दन् शब्द मी वहीत उतरवलाय. तिजोरी उघडी, रिकामी सापडली. मी जिन्याखाली सापडलो. चावी उलटी फिरते, हे यात कुठेच नाही."

"राहिलं असेल लिहायचं."

"तुला कोणी सांगितलं?"

"मी... मी पाणी घेऊन येतो."

"बाटली भरलेली आहे की रे."

धाकटा तोवर दाराबाहेर पडला होता. थोरल्याने भराभर चार ओळी लिहिल्या आणि वही शेजारच्या बाईपुढे धरली.

"ताई, तासाभराने तो येऊन म्हणेल, दादा, तुला भास झाला. आणि मी हो म्हणेन. इथे खाली साक्षीदार म्हणून तुमची सही करा."