दाजींचे फुकटचे गुण

मेव्हणा : दाजी, बाहेर फायनल हरलेली छापखान्याची अख्खी टीम बसलीये. या टेनपिन बोलिंग लीगचा सेक्रेटरी मी आणि तुम्ही माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा. मी तुमची बाजू घेतली तर तोंडात शेण घालतील माझ्या. तेव्हा दार लावलंय तोवर खरं सांगा. सीझनभर मुद्दाम वाईट खेळलात?

दाजी : ते काय म्हणतायत?

मेव्हणा : त्यांचं म्हणणं सरळ आहे. मागच्या सीझनला तुमची सरासरी एकशे नव्वद. दोनशेला दहाच कमी, त्याच्या ऐंशी टक्के म्हणून हँडिकॅपचे आठ गुण वरून मिळायचे. यंदा सरासरी घसरली एकशे चाळीसवर. आता दर गेमला अठ्ठेचाळीस गुण फुकट, बॉल टाकून एकही पिन पाडायच्या आधीच. आणि रविवारी फायनलला तुम्ही नेमके एकशे ऐंशी ठोकलेत. त्यात हे अठ्ठेचाळीस मिळवल्यावर समोरचा काय करणार, कपाळ?

दाजी : हिशेब बरोबर आहे.

मेव्हणा : हिशेब मीच केलाय, तो बरोबरच असणार. कच्च्या खेळाडूला पक्क्यासमोर उभं राहता यावं म्हणून हे गुण असतात. पक्क्यानं कच्चं असल्याचं सोंग घ्यायला नव्हे.

दाजी : मग तसंच सांग बाहेर. सोंग घेतलं. कप परत करतो, लीगमधून काढून टाका.

मेव्हणा : इतक्या सहज?

दाजी : मग काय, ढोल वाजवू?

मेव्हणा : दाजी, पत्त्यांत सुद्धा कुणी खोटं पान टाकलं तर तुम्ही जेवणावरून उठून गेला आहात. ताईच्या लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात, आमच्याच घरातून. मला हे पचत नाही. अजून एक वाट आहे. उद्या संध्याकाळी कामावरून थेट इथे या. त्यांच्या डोळ्यांदेखत तीन गेम खेळा. ओळखतील ते, नाटक आहे की नाही.

दाजी : नाही खेळणार.

मेव्हणा : का?

दाजी : सोंग घेतलं म्हणालो ना. विषय संपला.

मेव्हणा : बरं. निघू या मग. बूट घाला. लेस सुटलीये तुमची.

दाजी : असू दे.

मेव्हणा : बांधा, दाजी.

(दाजी वाकून लेस धरतो. उजव्या हातातून ती निसटते. पुन्हा धरतो, पुन्हा निसटते.)

मेव्हणा : कधीपासून?

दाजी : गेल्या उन्हाळ्यापासून. आधी नुसत्या मुंग्या यायच्या. आता संध्याकाळ झाली की बोटं माझी राहत नाहीत. बॉल सुटतो कधी ते मलाच कळत नाही.

मेव्हणा : आणि रविवारी?

दाजी : रविवारी सुट्टी होती. दिवसभर हात उशीवर ठेवून पडलो होतो. एकदा तरी नीट खेळावं वाटलं रे. तेवढीच हाव नडली.

मेव्हणा : ताईला माहीत आहे?

दाजी : सकाळी शर्टाची बटणं तीच लावते. विचारत काही नाही. मीही सांगत नाही.

मेव्हणा : डॉक्टर?

दाजी : दाखवलं एकाला, लांबच्या. मानेतली नस म्हणतो, बरी होईलच असं नाही म्हणतो. कारखान्याच्या डॉक्टरपर्यंत गेलं तर त्याच दिवशी मला केबिनमधून खाली उतरवतील. या वयात मला क्रेनशिवाय काय येतं? दारावर बसून शिट्टी वाजवू?

मेव्हणा : अहो, लोकांच्या डोक्यावरून लोखंड नेता तुम्ही.

दाजी : माहीत आहे मला काय नेतो ते.

मेव्हणा : आमचा धाकटा भाऊ त्याच क्रेनखाली साखळ्या बांधतो.

दाजी : सकाळी हात चांगला असतो. जेवणानंतर मी त्याला खाली उभंच राहू देत नाही. हे आण, ते आण, स्टोअरला जा. परवा माझ्यावर चिडला. म्हणे दाजी, मला हमाल समजता का.

मेव्हणा : आणि जेवणानंतर खाली कोण असतं?

दाजी : असतं कुणीतरी.

मेव्हणा : दाजी.

दाजी : आजवर काही पडलेलं नाही. एकदा लोखंडी प्लेट थोडी झुलली, तेवढंच. मला भीती वाटत नाही असं समजू नकोस. पण घरी बसलो तर तुझी बहीण आणि मी जगायचं कसं, ते सांग. तू सांग, मी उद्याच उतरतो.

मेव्हणा : मी काय सांगू.

दाजी : मग बाहेर जा आणि लबाड म्हण मला. लबाड माणसाला क्रेन चालवता येते.

मेव्हणा : धाकट्याला दुसऱ्या शेडमध्ये हलवून घ्या. उद्याच. सुपरवायझर तुमच्या शब्दाबाहेर नाही.

दाजी : घेतो. त्याच्या जागी नवा माणूस येणार आहे, गेल्याच आठवड्यात भरती झालाय. त्याचं नाव...

मेव्हणा : त्याचं नाव मला सांगू नका. पाय पुढे करा, लेस बांधतो.