बंद पडद्यापुढचा प्रफुल्ल

सरका मंडळी, जरा पुढे सरका, मागच्यांनाही जागा होऊ द्या. आज एक प्रश्न विचारतो. एखाद्याचं काम चोख आहे, वागणं मात्र आपल्याला कळत नाही — त्याच्यावर संशय घ्यावा का? लगेच माना हलवू नका. देवळात सगळेच "नाही" म्हणतात, आणि चपला जागेवर आहेत ना, म्हणून दर पाच मिनिटांनी मागे वळून बघतात.

तर ऐका. नागपुरात एक सॉफ्टवेअरची कंपनी. तिथे बाराजणांच्या प्रमुख होत्या वैजयंतीबाई खानझोडे. हुशार, शिस्तीच्या. त्यांच्या हाताखाली प्रफुल्ल नांदुरकर, पस्तिशीचा, प्रोग्राम लिहिणारा. कीबोर्डवर हात कसा चालायचा? आमच्या गणुबुवांचा पेटीवर चालतो तसा. फरक इतकाच, की प्रफुल्लचा चुकायचा नाही. रागावू नका गणुबुवा, उद्या तुमचं कौतुक करीन.

या प्रफुल्लनं आधी कॉम्प्युटरचा भला मोठा पडदा मागून घेतला. मग त्यावर काळी पाटी, पिवळी अक्षरं. अक्षरं तरी केवढी — दुकानाच्या बोर्डाएवढी! बाईंनी म्हटलं, असेल एकेकाची आवड. पुढे डोक्यावर हेडफोन आला. आणि एक दिवस पडदाच बंद. समोर काळोख, आणि हा बसलाय खडाखड टाइप करत.

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. न बघता कोणी काम करतं का? एकदा त्या पाय न वाजवता मागे जाऊन उभ्या राहिल्या. हेडफोनमधून कोणीतरी बोलत होतं. भराभरा, शब्दही कळू नये इतकं भराभरा. त्यांची चाहूल लागली तशी प्रफुल्लनं एक कळ दाबली. आवाज बंद.

"कोणाशी बोलत होतास?"

"कोणाशी नाही मॅडम."

आता सांगा, तुम्हाला काय वाटलं असतं? तेच बाईंना वाटलं. हा दुसऱ्या कंपनीचं काम करतोय, नाहीतर याचं काम बाहेरून कोणीतरी सांगतंय. मोबाइलवर काही दाखवलं तर म्हणायचा, "मेल कराल का?" जिन्यात समोरून यायचा, नमस्कार नाही, ओळख नाही. चोराच्या मनात चांदणं, बाई म्हणाल्या.

मग त्या त्याची प्रत्येक ओळ तपासू लागल्या. दोन महिने. चूक एक सापडेना. मंडळी, संशयाची गंमत बघा — चूक सापडली असती तर बाई निवांत झाल्या असत्या. सापडेना, म्हणून झोप उडाली. शेवटी त्यांनी वरच्या देवपुजारी साहेबांना लेखी कळवलं, की या माणसाची चौकशी करा. साहेब म्हणाले, पुरावा आणा.

बाईंनी सापळा लावला. शुक्रवारी दुपारी टीमला बसवलं. म्हणाल्या, "रोजच्या कामातली आपापली आवडती साधनं सगळ्यांना दाखवायची." एकानं खणखण वाजणारा कीबोर्ड दाखवला. एकीनं चुका लाल रंगात दाखवणारा प्रोग्राम दाखवला. एक म्हणाला, माझं साधन चहा. सगळे हसले. प्रफुल्लची पाळी आली.

"हेडफोन काढ," बाई म्हणाल्या. "आम्हालाही ऐकू दे."

मग त्यानं आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. तोच भराभर बोलणारा आवाज.

"कोण आहे हा?"

"मशीन आहे मॅडम. पडद्यावरचं वाचून दाखवतं. थांबा, हळू करतो."

आवाज हळू झाला, तेव्हा कळलं. एकेक ओळ, एकेक कंस, एकेक स्वल्पविराम वाचला जात होता.

"पण ऐकायचं कशाला?" बाईंनी विचारलं. "बघत का नाहीस?"

"दिसत नाही मॅडम. डोळ्यांचा आजार आहे. कडेचं थोडं दिसतं, म्हणून चालता येतं. मधलं गेलं. तुमचा चेहरा मला वर्षभरात दिसलेला नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही माझी प्रत्येक ओळ तपासत बसला असता."

बाईंना खाली बघावंसं वाटलं. पण ज्याला दिसत नाही त्याच्यापासून तोंड लपवून काय उपयोग? "मी तशीही तपासतच होते," त्या म्हणाल्या. "तुझ्याविरुद्ध वर लिहूनही दिलंय."

प्रफुल्लनं हेडफोन डोक्यावर चढवला.

बाई तशाच उठून साहेबांकडे गेल्या. तक्रार मागे घेतली. पण साहेबांना नवा संशय. "दिसत नाही? मग याच्या हातात काम ठेवायचं कसं? उद्या काही चुकलं तर?"

"दोन महिने याची चूक शोधतेय साहेब," बाई म्हणाल्या. "मला सापडली नाही. याहून कडक परीक्षा तुम्ही घेणार आहात का? ती ज्या मनानं घेतली, त्याची मला लाज वाटते. निकाल मात्र खरा आहे."

प्रफुल्लची नोकरी राहिली. पण लगेच गोड झालं असं समजू नका. पुढे चार महिने तो बाईंशी कामापुरतंच बोलला. बाई रोज त्याच्या टेबलापाशी जाऊन म्हणायच्या, "प्रफुल्ल, मी वैजयंती." एवढंच. पाचव्या महिन्यात एकदा तो म्हणाला, "बसा मॅडम." आणि डबा उघडला.

मंडळी, बाईंनी संशय घेतला हे मी पाप म्हणत नाही. मन आहे, शंका यायचीच. पण दोन महिने त्या माणसाच्या पाठीमागे उभ्या राहिल्या, समोर बसून एकदा "तुला काही त्रास आहे का रे" म्हणाल्या नाहीत, तिथे चुकलं. आता तुमचं बघा. घरात कोणीतरी दार लोटून बसतंय. कोणीतरी फोन उपडा ठेवतंय. तुम्ही मनात निकालही देऊन टाकलाय. विचारलंत का? पोलिसासारखं नाही, माणसासारखं. आणि विचारूनही ते माणूस बोललं नाही, तर आधी एवढं शोधा — ते तुम्हाला का भितंय?

गणुबुवा, धरा सूर. नाव घेऊ त्याचं, जो आपल्याला पूर्ण बघतो आणि तरी जवळ ठेवतो.